पानाच्या तळाशी माझं नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, कुणास ठाऊक.

आमच्या कामात नवी वेबसाइट सुरू करायची, तर कॉम्प्युटरवरच्या काळ्या खिडकीत एक कमांड टाइप करायची. टूल दोन-चार प्रश्न विचारतं — प्रोजेक्टचं नाव काय, बनवणारा कोण — आणि मिनिटभरात फोल्डर, फायली, पहिलं पान, सगळा सांगाडा तयार. खरं काम त्यानंतरचं. आणि ते ज्यानं केलं त्याचं — नाही का?

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी रेश्मा आणि मी एकाच प्रोजेक्टवर होतो. ती हर्णेची, वडील मासळीचे व्यापारी. संध्याकाळच्या लिलावातले भाव घरबसल्या मोबाइलवर दिसावेत, ही कल्पना तिचीच. लॅपटॉप माझा, म्हणून कमांड मी टाइप केली. बनवणाऱ्याचं नाव विचारल्यावर मी तिच्याकडे पाहिलं. "टाक रे तुझंच, काय फरक पडतो," ती म्हणाली. टूलनं ते पानाच्या तळाशी छापून टाकलं. पुढे चार महिने कोड तिनं लिहिला. मी चहा आणायचो. हां, निळा रंग मी निवडला.

मग रत्नागिरीतल्या एका कंपनीत मुलाखत. जागा एकच. आम्हा दोघांना एकदमच आत बोलावलं. साहेबांनी आमच्या साइटचं पान तळापर्यंत सरकवलं, नाव वाचलं आणि मला विचारलं, "म्हणजे हे तुम्ही केलंत?"

एक वाक्य पुरलं असतं — नाव टूलनं मागितलं म्हणून टाकलंय, काम हिचं आहे. त्यांना लगेच कळलं असतं. मी घाबरलो होतो का? छे. मला नोकरी हवी होती. मी "हो" म्हटलं. रेश्मा खाली बघत राहिली. बाहेर आल्यावर तिनं रिक्षा केली आणि एसटी स्टँडवर गेली. ती गप्प का राहिली, हे विचारायचं मला आजवर धाडस झालेलं नाही.

ती आता चिपळूणला एका क्लासमध्ये टायपिंग शिकवते. मी त्याच कंपनीत टीम लीडर आहे.

साइट अजून चालू आहे. नाव बदलणं मिनिटाचं काम — बदललं नाही. तिचे वडील रोज भाव बघतात, खाली माझं नाव वाचतात. कधीतरी फोन करतात, "बेटा, तुझ्यामुळे लिलाव घरात कळतो." मी ऐकून घेतो.

दर मे महिन्यात ते मला सोडे पाठवतात — सुकवलेली कोलंबी, निवडून, साफ करून. पाकिटावरचा पत्ता रेश्माच्या अक्षरात असतो.

मी ते घेतो. आणि खातो.