गिरणीवरचे दोन तास

आमचं दोघांचं शेवटचं साधंसुधं काम म्हणजे गिरणीवर जाणं. त्यातही मी बायकोवर ओरडलो.

होळी नुकती झाली होती. परदेशी असलेल्या मुलीला पाठवायची म्हणून कुळथाची पिठी दळायची होती. घरी कुळीथ भाजून, जात्यावर भरडून, फोलं पाखडून झाली होती. बारीक दळायला तेवढी गिरण. डबा माझ्या डोक्यावर, ती मागून. आमची वाडी पोलादपूरहून उमरठकडे जाताना वरच्या अंगाला आहे, गिरण खाली रस्त्याला. पोचलो तर गिरण मोकळी होती. एका बाईची नाचणी नुकतीच दळून झालेली. मी डबा पुढे सारला, तर हिने तो मागे ओढला आणि बाकड्यावर जाऊन बसली. म्हणाली, जरा दम खाते.

दम कसला, तोंड चालूच. नाचणीवाली गेली. दुसरी गहू घेऊन आली, तिचं दळून झालं, तरी ही उठेना. ऊन वर आलं. चार माणसांसमोर मी बोललो, "गिरणीत लगीन लावलंस काय गो? ऊठ की."

ती म्हणाली, "बसा गप. तुमाला खायचं कळतंय, दळायचं नाय कळत."

दोन तासांनी एक म्हातारी जाडे तांदूळ घेऊन आली. तिच्याशीही बोलून झालं, तिचं दळून झालं, तेव्हा कुठे हिने डबा दिला. घरी येईपर्यंत मी बोललो नाही. गप्पा मारायला गिरणीवर बसते, हेच माझ्या डोक्यात.

दुसऱ्या दिवशी महाडला जाऊन पार्सल दिलं. त्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी ती म्हणाली छातीत कळ येते. गाडी बोलावली. महाड येईपर्यंत संपलं होतं.

मुलगी आयर्लंडला नर्स आहे. तिच्या गावाचं नाव मला नीट घेता येत नाही. ती आली तोवर आईची राख झाली होती. तेरावं करून परत गेली, तर दारात आईचं पार्सल येऊन पडलेलं. बरीचशी पिठी तिने खाल्ली आणि मग हात आवरला. राहिलेली बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवली. दोन वेळची असेल. ती संपली की संपलंच, असं म्हणाली.

तिथून तिचं फोनवरून पिठी मागवणं सुरू झालं. माझी दुपारची जेवणवेळ म्हणजे तिची सकाळ. रोज व्हिडिओ कॉल लावायची आणि मला दाखवायची. तिथे दुकानात जावं लागत नाही. फोनमध्ये बोटाने सरकवत जायचं, आवडलं की दाबायचं, दोन दिवसांत दारात. लोणची, पापड, आमसुलं, सुकटसुद्धा मिळते. पण कुळीथ लिहिलं तर काही येत नाही. इंग्रजीत त्याला घोड्याचं काहीतरी नाव आहे, तसं लिहिलं की येतं. मी म्हणालो, म्हणजे तुझ्या आईने पंचेचाळीस वर्षं मला घोड्याचं खाणं घातलं. ती खूप दिवसांनी हसली.

पहिलं पाकीट आलं ते कच्च्या कुळथाचं. पातेल्यात टाकलं तर घरभर हिरवा वास, असं ती म्हणाली. दुसऱ्यात फोलं तशीच, घशात टोचणारी. तिसऱ्यावर नऊवारी नेसलेल्या बाईचं चित्र होतं, जात्यावर बसलेली. खुंटा असा धरला होता जसा एसटीत दांडा धरतात. मी तेव्हाच सांगितलं, या बाईने जन्मात दळलेलं नाही, पैसे घालवू नको. तरी तिने मागवलं. माझ्यासमोर शिजवलं, चमचाभर तोंडात घातलं. नळ सोडून पातेलं धुऊ लागली. पाठ माझ्याकडे होती.

मग विचारलं, "बाबा, आई काय घालायची त्यात?"

"मला काय माहीत? मी खायचो."

खरं तेच सांगितलं. पण फोन ठेवल्यावर लाज वाटली. एवढी वर्षं बाई समोर बसून वाढते आणि माणसाला माहीत नसतं ताटात काय आहे.

गणपती झाल्यावर एक दिवस पोलादपूरहून एका पोराचा फोन आला. काका, तुमचं पार्सल आहे, पत्त्यावर लिहिलंय शाळेच्या वरच्या अंगाला, आता ही शाळा कुठली? मी म्हटलं तू तिथेच थांब, मीच येतो. जीप पकडून गेलो. घरी आणून खोका फोडला. आत कुळथाच्या पिठीची दोन पाकिटं.

माझं डोकं फिरलं. कुळीथ माझ्या खाचरात होतो. भात कापलं की त्याच ओलीवर आम्ही तो पेरतो. माझ्या बापाने पेरला, आज्याने पेरला. आणि आयर्लंडहून माझी पोर मला पुण्याच्या कुठल्या दुकानाचा कुळीथ पाठवते. लगेच फोन लावला. वेळसुद्धा बघितली नाही, ती कामावर होती. नको ते बोललो.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "शेजारच्या काकीने सांगितलं तुमी नुसता भात आणि मिरची खाताव. बाबा, आई गेल्यापासून एकदा तरी पिठी खाल्लीत काय?"

मी फोन ठेवला. खाल्ली नव्हती. करणारी नव्हती, आणि आपण करावी हे मनातही आलं नव्हतं. ती पाकिटं मात्र नंतर मी खाऊन संपवली, अन्न टाकायचं नाही म्हणून. वाईट नव्हतं. पिठी नव्हती एवढंच.

त्याच दिवशी माळ्यावरून मडकं खाली काढलं. ती दर वर्षी बियाण्याचा कुळीथ राखेत घालून ठेवायची, वर फडकं बांधून. फडक्याची गाठ तिची. ती सोडायला मला वेळ लागला. आत चार शेर असेल. बाजारात कुळीथ मिळतो, पण तो मोठ्या दाण्याचा, फिका. हा आमचा बारीक, तांबडा. हा संपला की आमच्या खाचरातून तो गेला. पेरायला शेरभर तरी ठेवायला हवा. म्हणजे चुकायला माझ्याकडे तीन शेर होता.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत मी बारा वर्षं बॉयलरवर काढली आहेत. जाळ मला कळतो असा माझा समज. पहिला शेर कढईत घातला, चुलीत दोन लाकडं सारली आणि पाच मिनिटांत कोळसा केला. कोंबड्यांनीही तोंड लावलं नाही.

दुसऱ्या वेळी कढईसमोर बसून आठवू लागलो. तिने कृती अशी मला कधी सांगितली नव्हती. मला आठवत होत्या त्या भाजताना मला हाताशी घ्यायची तेव्हाच्या शिव्या. जाळ कमी करा, कंपनी हाय काय ही? हात थांबवू नका, झोपलाव काय? वास आला की उतरवा, रंगाची वाट बघू नका. एकेक शिवी आठवत गेलो तशी भाजणी होत गेली. दाणा तडकला, वास आला, उतरवला. माझ्या मनात आलं, बाई सगळं सांगून गेली होती, मी ते भांडण समजत होतो.

भरडायला जात्यावर बसलो. हे सांगायला हवं की जात्याला हात मी आधीही लावत होतो. तिचा खांदा दुखायला लागल्यापासून आम्ही दोघं समोरासमोर बसून ओढायचो. पण दार लोटून. पुरुष जात्यावर बसलेला वाडीत कोणी बघितला तर म्हातारा होईस्तोवर ऐकवतात, आणि मी तर म्हातारा होतोच. ती काही ओव्या म्हणणारी नव्हती. ओढताना माझ्या आईपासूनची गाऱ्हाणी सांगायची, आणि जातं हलकं जायचं. आता एकटा ओढायला गेलो तर जात्याची वरची पाळ अडकत होती. दार लोटलेलं, त्यामुळे अंधार, घास किती पडतो तेही दिसेना. शेवटी उठलो आणि दार उघडून टाकलं.

शेजारची वहिनी अंगणातून जात होती. थांबली, बघितलं, म्हणाली, "भावोजी, आता बांगड्या भरून घ्या."

"तू घेऊन ये, मी भरतो. आधी इकडं हात लाव."

ती हसत आली आणि समोर बसली. बायकोची जागा घेतली असं मला वाटलं नाही. खुंट्याला दुसरा हात लागला एवढंच.

पाखडून डबा घेऊन गिरणीवर गेलो. गिरण मोकळी होती. लगेच दळून घेतलं. बघ, म्हटलं मनात, दहा मिनिटांचं काम. घरी येऊन लसूण, मिरची, आमसूल घालून शिजवली. काळपट झाली आणि चवीला जड. भाजणी बरोबर होती, ते जिभेला कळत होतं. तरी ती तिची नव्हती. मी ताट पुढ्यात घेऊन बसून राहिलो. मडक्यात दोन शेर उरला होता. एक बियाण्याचा. म्हणजे एकच डाव.

आठ दिवस मी त्याला हात लावला नाही. पिठी जमली काय, मुलगी विचारायची, मी विषय बदलायचो. मग दसऱ्याच्या आधी तिसरा शेर भाजला, वहिनीबरोबर भरडला आणि गिरणीवर गेलो. डबा पुढे केला. गिरणवाला माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्याने डबा घेतला नाही.

"काका, आज तरी थांबा," म्हणाला. "आता नाचणी दळलीय. तांदूळ येऊ दे कोणाचे तरी."

"कशाला?"

"काकी कशाला थांबायच्या? दगडात आधीचं मूठभर पीठ ऱ्हातं, ते तुमच्यात येतं. नाचणीच्या मागून लावली तर काळी, गव्हाच्या मागून चिकट. तांदळाच्या मागून लावली की पिठी हलकी होते. गेल्या वेळी मी बोलणार होतो, पण तुमी घाईत."

मी बाकड्यावर बसलो. त्याच बाकड्यावर. होळीनंतरची ती दुपार आठवली, चार माणसांसमोर मी काय बोललो तेही. तेव्हा विचारलं असतं कशाला बसतेस, तर तिने सांगितलं असतं. विचारलं नाही. आता ते परत करता येत नाही. बसता येतं.

दोन तास बसलो. बायका येत होत्या. एकीने विचारलं, तुमी इथे कसे? मग सगळ्याच हिच्याबद्दल बोलू लागल्या. कोणाच्या पोरीचं लग्न हिने जुळवलं होतं, कोणाला बाळंतपणात डिंकाचे लाडू दिले होते. मला यातलं निम्मं ठाऊक नव्हतं. मीही बोललो. किती महिन्यांनी एवढा बोललो असेन. शेवटी एक जण जाडे तांदूळ घेऊन आला. त्याच्या मागून माझा डबा.

घरी येऊन शिजवली. पहिल्या घासाला कळलं. तीच. पातेलं निपटून खाल्लं. नंतर रडलो, ते लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्याच दिवशी महाडला जाऊन पार्सल दिलं. पत्त्याची इंग्रजी अक्षरं मी चित्रासारखी चिठ्ठीवरून उतरून काढतो, वाचता येत नाहीत. पार्सलं आजवर नीट पोचली आहेत. पुढे वीस-बावीस दिवस रोज मुलगी फोनवर सांगायची, पार्सल इथवर आलं, तिथवर आलं. तिला ते फोनमध्ये दिसतं. मी मधल्या काळात भात कापून घेतलं.

मग एका दुपारी तिचा फोन आला. चुलीवर, म्हणजे तिच्या त्या गॅसवर, दोन पातेली. एकात बरणीतली आईची, एकात माझी. आधी एक चाखली, मग दुसरी, मग परत पहिली. डोळे मिटून. मी इकडे जेवण टाकून बसलेलो.

"बाबा," ती म्हणाली, "तुमची जराशी जास्त भाजलीय."

"बरं."

"पण हीच."

दोन्ही पातेली तिने माझ्यासमोर भाताबरोबर संपवली. बरणी रिकामी झाली तरी ती रडली नाही. मला वाटत होतं रडेल. उलट म्हणाली आता सांगा, मी लिहून घेते. मी शिव्यांसकट सांगितलं. गिरणीचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, इथे गिरण कुठली, मिक्सर आहे. मी म्हटलं मग आधी मूठभर तांदूळ फिरव, काढून घे, भांडं पुसू नको, तसंच कुळीथ टाक. तिने तेही लिहून घेतलं. मग बोट सरकवताना दिसली. अख्खा कुळीथ मिळतो म्हणाली, बारीक दाण्याचा, तांबडा. मला चित्र दाखवलं. दाणा आमच्यासारखा नव्हता, पण वाईट नव्हता. मी म्हटलं, दाब.

दुसऱ्या दिवशी सकाळी मडक्यातला शेवटचा शेर सुपात ओतला, राख उडवली आणि खालच्या खाचरात गेलो. जमिनीत ओल होती. मी नेहमी दाट पेरायचो आणि ती बांधावरून ओरडायची, विरळ टाका, दाण्याला जागा लागते. या वेळी विरळ पेरला.