हरलेला सेनापती

इथे आखातात, मुसफ्फातल्या रंगांच्या दुकानात टर्पेंटाइनचा वास आला आणि खलिफा सिटीतला आमचा जुना हॉल आठवला.

आई तेव्हा वाळवंटात पराभूत झालेल्या रोमन सैन्याचं चित्र काढत होती. ऑफिसातून आलेल्या बाबांना तिनं सेनापती म्हणून गुडघ्यांवर बसवलं.

"चेहरा पडलेला हवा हं!"

बाबांनी मान खाली घातली. अचानक आईचा ब्रश थांबला.

"अहो, काय झालंय?"

"खलास. नोकरी गेली."

आई त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली.

पुढे तिनं चित्र पूर्ण केलं, पण सेनापती पाठमोरा काढला.

"आई, फेस कुठेय?" मी कुरकुरले.

आता वाटतं, तो चेहरा तिला कुणालाच दाखवायचा नव्हता.