प्रेस गार होईपर्यंत

रिसोडला बाजार समितीच्या मागं आमचं सुतारकामाचं दुकान आहे. आई गेल्यापासून दुकानात आणि घरात आम्ही दोघंच, बाबा आणि मी. लाकडाचे पातळ थर गरम प्रेसमध्ये चिकटवून बाबा फळ्या करायचे. विकतचा डिंक तापला की त्याच्या वाफेनं त्यांचे डोळे इतके चुरचुरायचे की टेपवरचे आकडेही दिसायचे नाहीत. मी पडले पॉलिटेक्निकवाली, मला शहाणपण सुचलं. डिंकाऐवजी थरांमध्ये दुधाच्या पिशव्या घालायच्या! धुवायच्या, वाळवायच्या, कापून पसरायच्या. प्रेसमध्ये प्लास्टिक वितळतं आणि लाकडाला घट्ट धरतं. फळी अशी जमली की बादलीत बुडवून ठेवली तरी सुटेना. ओळखीपाळखीत कौतुक झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कारण या फळीला एक खोड आहे. डिंक उष्णतेनं धरतो, म्हणून ती फळी गरमच काढायची. बाबांचा सगळा जन्म त्यातच गेलेला. प्लास्टिक मात्र गार झाल्यावर धरतं. हीटर बंद करायचा, जॅकचा दाब तसाच ठेवायचा आणि तासभर हात बांधून बसायचं.

मला पुण्याच्या एका फर्निचर कारखान्यात नोकरी लागली. हजर व्हायला आठवडा होता. तो सगळा मी बाबांना शिकवण्यात घालवला.

"प्रेसचा पत्रा गार लागला का मंगच जॅक सोडाचा, बाबा."

ते मान हलवायचे आणि मी चहा ठेवायला वळले की जॅक सोडायचे. थर वहीच्या पानांसारखे सुटायचे, मधे प्लास्टिकच्या तारा लोंबायच्या.

"काय करू माय, हातच आयकत नाई माहे."

शाळेच्या बाकांचं काम अंगावर घेतलेलं होतं. शेवटी मीच कारखान्याला फोन करून येत नाही म्हणून सांगितलं.

त्याला दोन वर्षं झाली. दिवसातून चारदा मी त्या प्रेससमोर बसते. उठून जाता येत नाही आणि बसून करायलाही काही नसतं. पुण्याच्या गाडीचा हॉर्न दुकानात ऐकू येतो. मला प्रेसचा राग यायचा, पिशव्यांचा यायचा, स्वतःचा तर फारच. बाबांवर कशी चिडणार? म्हाताऱ्या हातांचा काय दोष!

गेल्या आठवड्यात मला ताप आला. तिसऱ्या दिवशी जरा बरं वाटलं म्हणून दुकानात गेले. हीटर बंद होता. बाबा प्रेसजवळ बसले होते. त्यांनी पत्र्याला हाताची पाठ लावली, अंदाज घेतला, पुन्हा बसून राहिले. बऱ्याच वेळानं सावकाश जॅक सोडला. फळी एकसंध निघाली. तशाच पाच भिंतीला टेकवून ठेवलेल्या होत्या.

माझं डोकंच फिरलं. "बाबा, तवा काहून नाई जमलं?"

ते फडक्यानं फळीची कड पुसत राहिले.

"तवा तू पुण्याले चालली होती ना, माय."