दामूची टाच

फोन आला तेव्हा मी रावणाला मिशी लावत होतो. नाटकांचे आणि गॅदरिंगचे कपडे भाड्याने देणारं माझं दुकान पनवेलात आहे. मोसमात तिथे देव, राक्षस आणि मावळे एकाच रांगेत ताटकळत उभे असतात. त्या दिवशीचा रावण म्हणजे रोडपालीच्या एका सोसायटीतले अत्यंत सज्जन कर सल्लागार. फोनवर वैशाली होती, माझा बालमित्र दामू घरत याची मुलगी. ‘काका, बाबा गेले. सकाळी चहा घेता घेता...’ मी एका हाताने मिशी दाबून धरली होती. डिंक ओला होता, हात काढला असता तर ती पडली असती. म्हणून तसाच उभा राहिलो, बराच वेळ. शेवटी मिशीखालून रावणच हळूच म्हणाला, ‘बसा तुम्ही जरा.’

दामू करंजाड्याच्या बाजूचा, शाळेत माझ्या बाकावर बसायचा. घरचं मिठागर होतं. मोसमाआधी मिठाच्या वाफ्यांचा तळ पायांनी तुडवून तुडवून सपाट करतात, आणि दामूचा बाप त्याला अनवाणी त्यावरून चालवायचा. ‘काय लागतंय?’ एवढंच विचारायचा. दामू म्हणेल तिथे पुन्हा तुडवायचं. पुढे मिठागर गेलं, तिथे इमारती आल्या, दामू गवंडी झाला. पण तळवे मिठागराचेच राहिले. आमच्या दुकानात नवी फरशी बसवली तेव्हा हा चपला काढून एक फेरी मारून आला आणि एका कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, ‘हितं पानी साचंल.’ फरशीवाला चिडला. पाणी तिथेच साचलं.

मुंबईत मोनोरेलचं काम निघालं तेव्हा दामू एका कंत्राटदाराकडे लागला. मोनोला रूळ नसतात; काँक्रीटच्या एका अरुंद बीमवर ती रबरी चाकांनी धावते. त्या बीमची वरची बाजू घोटायचं काम दामूच्या टोळीकडे होतं. बूट घालायची सक्ती होती. हा गुपचूप बूट काढून बीमवर चढायचा. पकडला गेला की म्हणायचा, ‘सायेब, बुटाला काय कलतंय?’ एका सकाळी मात्र घाई झाली. काँक्रीट पुरतं धरलं नव्हतं आणि दामूची उजवी टाच आत रुतली. खळगा अगदी पेढ्याएवढा. इंजिनियरांनी तो भरून घेतला, घासला, मोजला, पास केला. धोका काडीचा नव्हता. ‘आता विसर,’ म्हणून साहेबांनी त्याच्या पाठीवर थापही मारली. पण बापाच्या वाफ्यात ज्याने कधी खोट ठेवली नाही, त्याला विसरता येईना.

मोनो सुरू झाल्यावर महिन्यातून एकदा तो मला ओढून चेंबूरला न्यायचा. डबे बहुधा रिकामे. म्हैसूर कॉलनी सुटली की खाली खाडी, तिवरं आणि दूरवर मिठाचे वाफे दिसू लागायचे. टाच रुतलेला बीम तिथलाच. मग दामू चपला काढायचा, दोन्ही तळवे डब्याच्या फरशीवर टेकवायचा आणि डोळे मिटायचा. ‘आला! लागला का?’

‘नाय लागला,’ मी त्याच्याच बोलीत म्हणायचो. मग मी उठून त्याची नक्कल करायचो. पाय फाकलेले, डोळे मिटलेले, चेहरा समाधी लागल्यासारखा. समोर दोनच प्रवासी असले तरी मला ते भरलेलं नाट्यगृह वाटायचं. दामूही हसायचा. पण हसून झालं की पुन्हा विचारायचा, ‘खरंच नाय?’ एक साक्षीदार, एवढंच त्याला हवं होतं.

आता कबूल करतो. आमच्या शेवटच्या फेरीत मला तो लागला. बशीत कप ठेवताना हाताला जेवढं कळतं, तेवढाच. दामूने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. आणि मी... विनोद तयार होता हो माझा! ‘दाम्या,’ मी म्हणालो, ‘खोट बीमात नाही, तुझ्या डोक्यात आहे.’

या खेपेला तो हसला नाही. चपला घालत म्हणाला, ‘मग तलवंच मेली माजी. वय झाला.’

पुढच्या फेरीला आपण त्याच्या आधी चपला काढायच्या आणि त्याच्या आधी ‘आला!’ म्हणून ओरडायचं, असं मी ठरवलं. असा प्रवेश आयुष्यात एकदाच मिळतो, म्हणून राखून ठेवला. आठवड्याने दामू दुकानात आला. उठताना चपला काउंटरखाली सरकवून म्हणाला, ‘र्‍हाऊ दे हितं. जरा रस्त्यानं अनवानी चालून बगतो, काय लागतंय का.’ तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. पाठमोरा दामू भर उन्हात डांबरावरून एकेक पाऊल चाचपत चालला होता, आणि मी दारात उभा राहून... हसत होतो.

तेराव्यानंतर एकटाच मोनोत बसलो. खाडी आली, वाफे आले. चपला काढल्या. तो आला, त्याच जागी. ‘लागला,’ मी मोठ्याने म्हणालो. समोरच्या बाई दचकल्या. ‘काय लागलं हो काका? डॉक्टर बघायचा का?’ मी चपला पायात घातल्या. हल्ली दुकानाच्या सपाट फरशीवरही तो कधीकधी तळव्याला लागतो. मी थबकतो. कोणी विचारत नाही.

दामूच्या चपला अजून काउंटरखालीच आहेत. उजवीची टाच खोल झिजलेली. परवा एका नाटकवाल्याने त्या उचलल्या. ‘म्हाताऱ्याच्या भूमिकेला झकास आहेत. भाडं काय?’ मी त्या त्याच्या हातातून घेतल्या, पुसल्या, जागेवर ठेवल्या.

‘भाड्याच्या नाहीत त्या,’ मी म्हणालो. ‘मालक जरा चालून येतो म्हणून गेलाय.’