नळी सुटलेली, तेल जागच्या जागी

आधीच सांगते, भूतप्रेत, दैवी शक्ती वगैरे मी मानत नाही. इथले अनुभव जेवताना वाचते, टाइमपास म्हणून... कमेंट आजवर एकही केलेली नाही. आज लिहितेय ते भीती वाटली म्हणून नाही. राग आलाय म्हणून. दोन महिने झाले, तो जात नाही.

आम्ही गोंडपिपरीचे. आईच्या किडन्या गेल्यापासून मी नोकरी घरून करते आणि दर मंगळवारी-शुक्रवारी आम्ही तिला डायलिसिससाठी चंद्रपूरला नेतो. सकाळी साडेआठचा नंबर. बाबांचा डावा पाय लहानपणापासून अधू, क्लच दाबता येत नाही, म्हणून आमच्याकडे जुनी ऑटोमॅटिक गाडी आहे. मला गाडी चालवता येत नाही. एसटीत आईला आता बसवत नाही. म्हणजे ही गाडी चालली तरच आई मशीनपर्यंत पोहोचते.

त्या मंगळवारी रेडिएटर फुटला. गाडी गावाबाहेरच वाफा सोडत उभी राहिली आणि आईचा नंबर हुकला. गुरुवारी गावातल्या एका गॅरेजवाल्याने (त्याला बबलूभाऊ म्हणू, खरं नाव वेगळं आहे) नवीन रेडिएटर बसवला. ऑटोमॅटिक गाडीत रेडिएटरला पाण्याच्या पाइपांशिवाय दोन बारीक लोखंडी नळ्या येतात. गिअरबॉक्सचं लाल तेल त्यांतून थंड व्हायला येतं आणि परत जातं. त्यातल्या एका नळीचा नट तिरपा चढत होता. मी बाजूला उभी राहून बघत होते. दोन आटे बसले आणि अडला, तर याने लांब पाना लावून दाबला. तेल ठिबकायला लागलं तेव्हा नट काढला आणि आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली, घरातल्या नळाला लावतात ती.

"भाऊ, तिथे टेप चालत नाही बहुतेक," मी म्हणाले. एवढं बोलायलाही मला पाच मिनिटं लागली होती.

तो माझ्याकडे न बघता बाबांकडे बघून हसला. "सर, ताई इंग्लिशमधी वाचून आल्या वाटते! पंधरा वर्षं झाले ताई, गाड्या खोलून राह्यलो. टेप म्हणजे टेप."

बाबाही हसले. ते मी विसरलेले नाही.

शुक्रवारी सकाळी गाडीखाली ताटाएवढा लाल डाग होता. मी फोटो काढला. गिअरबॉक्सचं तेल मोजायची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, काढून पाहिली, तेल खालच्या रेघेला टेकलेलं.

"कालचंच सांडलेलं असन ते," बाबा म्हणाले. "बस गाडीत. आज पुन्हा नंबर गेला तं तुह्या आईचं काय होईन, तूच सांग."

मी डिपस्टिक परत खोचली. आईचे पाय सुजून टम्म झाले होते, दोन पावलं टाकली की दम लागत होता. बसले.

कोठारीच्या अलीकडे जंगल लागलं तेव्हा चांगलं ऊन वर आलं होतं. गाडीच्या पुढच्या बाजूला खालून टण्‌कन आवाज आला, एक हिसका बसला. मी "बाबा" म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं आणि... असो. तेवढ्यात आईने पाय वर घेतले. जिचे पाय उचलून गाडीत ठेवायला माझे दोन्ही हात लागले होते, तिने स्वतः ते सीटवर ओढून घेतले.

"आई, काय झालं?"

"पाय लागून राह्यले ना बाई त्याले."

"कोणाला?"

"खाली धरून बसला हाये ना थो. त्याले काऊन लाथा मारू?"

ती घाबरली नव्हती. गर्दीत कोणाला जागा करून द्यावी तशी सहज बोलली आणि डोळे मिटले. बल्लारपूर गेलं, चंद्रपूर आलं, पाय वरच. मी माझे पाय खालीच ठेवले. मुद्दाम.

आईला मशीनवर लावलं. बाबा वर कागद भरत होते. मी एकटी पार्किंगमध्ये आले आणि टॉर्च घेऊन गाडीखाली वाकले. नळी रेडिएटरपासून वीतभर खाली लोंबत होती. आट्यांत टेपच्या चिंध्या. रेडिएटरचं तोंड उघडं. आणि सगळं कोरडं! बोट फिरवलं तर धूळ लागली, तेल नाही. सगळ्याचे फोटो काढले. डिपस्टिक काढली, तेल वरच्या रेघेवर. गरम झालं की पातळी थोडी चढते, हेही मी वाचलेलं आहे. पण उघड्या नळीसकट?

बाबांना बोलावलं. जवळच्या गॅरेजमधून एक म्हातारे चाचा आले.

"टो करून आणली का, बेटी?"

"नाही, चालवत. गोंडपिपरीहून."

चाचांनी गाडी सुरू करायला सांगितली. किल्ली फिरली आणि नळीतून लाल धार थेट त्यांच्या चपलेवर. "बंद! बंद करा!" ते ओरडले. मग बाबांना म्हणाले, "सर, अशी गाडी पाच किलोमीटर नाई चालत. तेल फेकून देते, मग गिअरच पकडत नाई." त्यांनी रेडिएटरचा पितळी जोड बदलला, नळीचं टोक कापून नवीन नट बसवला. मला दाखवत म्हणाले, "आधी बोटानं चढवायचा. बोटानं नाई चढला तं समजा चुकला. पाना शेवटी."

घरी आल्यावर बाबांनी गाडीपुढे नारळ फोडला. नातेवाइकांना फोन केले, देवानं नळी धरली म्हणून. आईला विचारलं तर ती म्हणाली, "मी तं झोपली होती."

शनिवारी मी तो जुना नट आणि फोटो घेऊन बाबांबरोबर बबलूभाऊकडे गेले. त्याने नटाला हातही लावला नाही.

"पोहोचले ना सर? मंग! नळी सुटली असती तं पोहोचले असते का? ताईंनीच पार्किंगमधी पाना लावून पाहिला असन."

गाडीत बसल्यावर बाबांनी हळूच विचारलं, "तू नाई ना बाई हात लावला?"

पस्तीसेक किलोमीटर उघड्या नळीने गाडी चालते यावर माझ्या बाबांचा विश्वास बसतो. मी खरं बोलते यावर बसत नाही.

आता डायलिसिसच्या दिवशी सकाळी मीच गाडीखाली जाते, नट बोटाने चाचपते, मग आईला बसवते. चंद्रपूरला पोहोचल्यावर पार्किंगमध्येच नळी सुटली असेल, असाही विचार करून पाहिला. मग तो हिसका कसला? खाली एक थेंबही का नाही? जुळत नाही. खूप वाचलं, इंग्रजी फोरमवर विचारलंही. कोणाला सांगता आलं नाही.

काल बबलूभाऊच्या गॅरेजसमोर शाळेच्या मुलांची व्हॅन उभी होती, बॉनेट उघडं. बाबा म्हणाले, "जाऊ दे, आपल्याले काय करायचं." मी गाडी थांबवायला लावली, उतरले आणि व्हॅनच्या ड्रायव्हरला फोटो दाखवले. सगळे, एकेक करून. बबलूभाऊ समोर उभा होता, त्याच्यादेखत.

दर वेळी खाली कोणी धरून बसेल याची खात्री मला कोणी देऊ शकत नाही. त्या दिवशी कोण बसलं होतं, हेही कोणी सांगू शकलेलं नाही.