नवमीला धुतलेली मालगाडी

आमच्याकडे गंज मुद्दाम आणावा लागत नाही. आचऱ्याचा समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. खिडकीचे गज, कड्याकोयंडे, पावसाळ्यात तर माझ्या शिलाई मशीनच्या सुयासुद्धा तांबूस होतात आणि मी बारा महिने तेलाची चिंधी घेऊन त्यांच्या मागे असते. अशा घरात माझा नवरा टेबलाशी बसून, बारीक कुंचल्याने, छोट्या आगगाडीच्या कोऱ्या डब्यांना गंज चढवतो, हे शेजारणीला सांगितलं तेव्हा तिने माझ्याकडे जरा काळजीनेच पाहिलं. खेळण्यातली आगगाडी म्हटलेलं यांना मुळीच खपत नाही. प्रतिकृती म्हणायचं. मी ते यांच्यासमोर म्हणते, पाठीमागे नाही.

यांची उभी हयात सरकारी कचेरीत नकाशे काढण्यात गेली. रेघ म्हणजे रेघ, तिने इकडेतिकडे बघायचं नाही. डबे एकेक वीत लांबीचे, दुबईचा मावसभाऊ धाडायचा. हे त्यांना आपल्या मालगाडीसारखा तपकिरी रंग देत आणि बाजूवर तिळाएवढ्या अक्षरांत देवनागरी आकडे लिहीत. वर पक्कं वॉर्निश. मग डबे काचेच्या कपाटात, आणि कपाटाला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

गेल्या वर्षी यांना पक्षाघाताचा झटका आला. पाय सुधारला, जीभ सुधारली, उजवा हात मात्र थरथरतच राहिला. त्या हाताने जेवायला बसलं की निम्मा भात ताटाबाहेर पडायचा, आणि चारचौघांत डाव्या हाताने जेवणं यांना मरणप्राय. म्हणून ताट आतल्या खोलीत न्यायचं, दार लोटायचं आणि डाव्या हातात चमचा धरून एकट्याने जेवायचं, असं सुरू झालं. त्याआधी आम्ही तिघं स्वयंपाकघरात जमिनीवर बसत असू. सासूबाई पन्नाशी उलटलेल्या मुलाला अजून माशाचे काटे काढून द्यायच्या आणि हे निमूट देऊ द्यायचे. आता त्या घास हातात धरून त्या लोटलेल्या दाराकडे बघत राहायच्या. चतुर्थीला घर पाहुण्यांनी भरलं, तेव्हाही पोट बरं नाही असं सांगून हे आतच बसले. मला त्या दाराचा भयंकर राग यायचा. हात आयुष्यभर थरथरला असता तरी माझी तक्रार नव्हती. माणूस बाहेर येऊन आमच्यात जेवावा, एवढंच मला हवं होतं.

पावसाळ्यातल्या एका दुपारी हे फोनवर काहीतरी बघत होते. कुठल्याशा परदेशातला एक माणूस नवीन डब्यावर तपकिरी पाणी ओघळवत होता, वर भुकटी चोळत होता. थोड्या वेळात तो डबा पंचवीस वर्षं रुळांवर धावल्यासारखा दिसायला लागला.

"नवे कोरे डबे कित्याक नासवता हो मनीस?" हे वैतागले.

मी काज करत होते. मान वर न करता म्हटलं, "तुमका ह्या बरा जमात. ह्येका थरथरतोच हात लागता."

फोन बंद झाला. रात्री आतलं दार जरा जोरातच लोटलं गेलं. गोड बोलून माणसाला उभारी देणं माझ्या स्वभावात नाही, त्याला मी काय करू? पण सकाळी चहाच्या वेळी यांनी विचारलं, "तुझ्याकडे एखादो जुनो ब्रश आसा काय गो?"

पहिला डबा आम्ही दोघांनी मिळून वाया घालवला. छपरापासून चाकांपर्यंत सरसकट तपकिरी रंग. चिखलात लोळून आलेल्या म्हशीसारखा दिसत होता, आणि मी ते बोलूनही दाखवलं. मग आम्ही कणकवली स्टेशनवर गेलो. बाजूच्या रुळावर मालगाडी उभी होती. आपल्याकडे गाडी यायच्या वेळी सगळे फलाटावर वाकून वाट बघतात. आमचे हे गाडी समोर उभी असताना वाकून तिची बुडं बघत होते. तिकडून रेल्वेचा माणूस आला आणि काय हरवलंय का म्हणून विचारून गेला.

"ह्या बघ," हे मला म्हणाले, "गंज वरसून खाली ओघळता, आणि धूळ खालसून वर जाता." खरंच तसं होतं. प्रत्येक खिळ्याखाली तांबडा ओघळ. चाकांनी उडवलेली जांभ्या दगडाची लाल धूळ खालच्या अंगाला दाट, वर विरळ होत गेलेली. दाराच्या कडीपाशी हातांनी रंग उडालेला. इतकी वर्षं मालगाड्या बघितल्या, पण असं कधी बघितलं नव्हतं. परतीच्या एसटीत यांची बडबड थांबेना. आजारपणानंतर यांना एवढं बोलताना मी प्रथमच ऐकत होते.

आमच्या आवाराभोवतीच्या दगडी गडग्याचे चिरे ढासळलेले होतेच. त्यातल्या एका जांभ्याच्या तुकड्याची मी वस्त्रगाळ पूड करून दिली. अस्तराचं मलमल घरात कायम असतंच. न्हाणीतल्या हंड्याच्या बुडाची काजळी खरवडून दिली. आणि यांनी जवळजवळ कोरडा ब्रश उजव्या हातात धरून खिळ्यापासून खाली ओढला. रेघ तुटली, मध्येच जाड झाली, मध्येच नाहीशी झाली, शेवटाला वाकडी गेली. अगदी स्टेशनवरच्यासारखी. खात्री करायला यांनी दुसरी रेघ डाव्या हाताने ओढली, ती नकाशावरच्यासारखी सरळ आली आणि पुसून टाकावी लागली.

तेव्हापासून रोज. आमच्याकडे पाठ करून बसायचे, तरी खांदा हलताना दिसायचा. एक गोष्ट मला दिसली आणि मी ती बोलले नाही, एरवी न बोलणारी मी नव्हे. सगळ्यात दाट धूळ हे स्वतःच्या जुन्या अक्षरांवर चोळत होते. भाद्रपद सरेपर्यंत अख्खी मालगाडी मळून तयार झाली. जेवणाचं ताट मात्र अजून आतच जात होतं.

ही भुकटी नुसती चोळलेली असते. ती धरून ठेवायला वरून बिनचमकीचं वॉर्निश फवारावं लागतं, आणि दमट हवेत ते दुधासारखं पांढरं होतं. म्हणून दसऱ्यानंतरच्या कोरड्या उन्हाची वाट बघत गाडी टेबलावर उभी होती. टेबल झाडू नका, एवढंच आम्ही सासूबाईंना सांगितलं. का, ते सांगितलं नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे कामाची हत्यारं आणि गाड्या धुऊनपुसून पुजतात. कोयता, कुदळ, भाजी चिरायची आडाळी, माझं मशीन, यांची बंद पडलेली स्कूटर. मी सकाळी दसऱ्याची ब्लाउजं पोचवायला गेले होते, हे हाताच्या व्यायामाला. मी परत आले तर माजघरात केळीच्या पानावर मालगाडी. सासूबाईंनी रिठ्याच्या पाण्यात, नारळाच्या काथ्याने, एकेक डबा घासून लखलखीत केला होता. झेंडूचं अख्खं फूल छपरावर मावत नव्हतं, म्हणून प्रत्येक छपरावर एकेक पाकळी आणि कुंकवाचा ठिपका. धूळ नाही, ओघळ नाही. वॉर्निशखालची जुनी अक्षरं तेवढी सुबक उभी होती.

तेवढ्यात हे आलेच.

"रे झिला, बघ तुझी गाडी!" सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "किती मळ होतो तिका! तुका हातान जमणा नाय म्हणान मीच धुवन काढलंय."

यांनी एक डबा उचलला आणि त्यावरचं स्वतःचं अक्षर बराच वेळ बघितलं. "बरा केलंस गो आये," म्हणाले, आणि आत जाऊन दार लोटलं.

सासूबाईंचं तोंड उतरलं. "तेका आवाडला नाय?" त्यांनी मला विचारलं. विचारल्यावर मला खोटं बोलता येत नाही. जे होतं ते सांगितलं. ती धूळ किती दिवसांची होती, कुणाच्या हाताची होती, सगळं. त्या भिंतीला टेकून बसल्या. "माझ्या हातान तेचा काम नासला," एवढंच म्हणाल्या.

नैवेद्य झाला. वडे, काळ्या वाटाण्यांचं सांबारं, भात, खीर. यांचं ताट नेहमीप्रमाणे आत ठेवून आले तर सासूबाईंनी आपलं ताट पुढे सरकवून दिलेलं. मी विनवलं, रागावले, काही उपयोग नाही. शेवटी दाराकडे तोंड करून ओरडले, "आई जेवक नाय म्हणतत!"

दार उघडलं. हे आपलं ताट डाव्या हातात सांभाळत बाहेर आले.

"जेव गो आये. धूळ काय, परत चढवूक येता."

"तू जा, तुझ्या खोलयेत जेव."

"तू जेवल्याशिवाय मी जेवचंय नाय."

"तू जेवतंस काय उपाशी रवतंस, ता माका खंय दिसता?" सासूबाई एकदम म्हणाल्या. "वर्स झाला रे, तुका जेवताना बघूक नाय मी."

यांनी ताट खाली ठेवलं आणि आईसमोर मांडी घातली. उजव्या हाताने भात कालवला. पहिला घास ओठांपर्यंत पोचायच्या आत सांडला. दुसरा यांनी आईपुढे धरला. हात भयंकर हलत होता. मला वाटलं, सासूबाई यांचं मनगट धरतील. त्यांनी धरलं नाही. मान पुढे करून तोंड उघडलं, आणि हात जिकडे हलला तिकडे आपणही हलत तो घास घेतला. थोडा भात त्यांच्या पदरावर पडला, तो त्यांनी झटकलाही नाही.

"आता तू," त्या म्हणाल्या.

हे जेवायला लागले. सावकाश, सांडत, ताटाभोवती भाताची शितं विखरत. सासूबाईंनी आपलं ताट जवळ ओढून घेतलं होतं, पण जेवत नव्हत्या. मुलगा कसा जेवतो, ते पोटभर बघत होत्या.