पंधरावी पायरी

“होडी सोडली, आता किनाऱ्यावर कोन?” संगणकाला काम सोपवून एखादा विद्यार्थी उठू लागला, की ताई हे विचारत आणि त्याच्या खुर्चीच्या पाठीवर दोन बोटे टेकवत. तो परत बसे.

वसईतील आमच्या महाविद्यालयात त्या प्रयोगशाळा सहायक होत्या. माहेर अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातले. बोट परतेपर्यंत त्यांची आई म्हावरं, म्हणजे मासळी, उतरून घ्यायला टोपली घेऊन वाळूत बसून राही, असे त्या सांगत. मी प्राध्यापक. विद्यार्थी मला ‘सर’ म्हणत, त्यांना ‘ताई’. हा फरक तुम्हांला किरकोळ वाटेल. मला तो रोज टोचे.

महाविद्यालयात क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांचा संच, आला तेव्हा मी चौदा पायऱ्यांची टिपणी छापली. आपण प्रवेश करतो त्या संगणकावर प्रोग्राम कंपाइल करावा, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवावा. तेथे जीपीयू, म्हणजे एकाच वेळी हजारो हिशेब करणारी चिप, नसतो, म्हणून काम रांगेत लावावे. पाळी आली की जीपीयू असलेला संगणक ते चालवतो. मुले ती टिपणी घडी करून वहीत ठेवत आणि ताईंच्या टेबलाभोवती जमत. मी कपाटात काहीतरी शोधण्याच्या मिषाने त्यांचे बोलणे ऐकत असे.

क्लस्टरचा प्रमुख कोणाला नेमावे, हे ठरायचे होते. प्राचार्यांसमोर मी अगदी सोपे प्रात्यक्षिक मांडले: जीपीयूने आठ वेळा ‘नमस्कार’ छापायचा. प्रोग्राम कंपाइल झाला, रांगेतून पुढे गेला, चाललाही. त्रुटी एकही नाही. निकालाची फाइल उघडली, तर ती कोरी. पुन्हा चालवला. कोरीच.

ताई माझ्यामागे वाकून कानाशी कुजबुजल्या. “सर, काम जीपीयूकडं धाडलंत आन् तुमचा प्रोग्राम घरी गेला. म्हावरं कोन उतरून घेनार?”

जीपीयूचे काम संपेपर्यंत थांबण्याची ओळ मी लिहिलीच नव्हती. ती घालताच आठही नमस्कार उमटले.

“आधी काय झालं होतं?” प्राचार्यांनी विचारले.

“ओळ मुद्दाम वगळली होती,” मी म्हणालो. “मुलं काय चुकतात ते दाखवायला.”

प्राचार्यांनी ताईंकडे पाहिले.

“सरांची शिकवायची पद्धतच आहे ती,” त्या म्हणाल्या आणि वायर गुंडाळू लागल्या.

प्रमुखपद मला मिळाले. बाहेर त्या एवढेच म्हणाल्या, “चौदाच्या पंधरा करा, सर.” त्या रागावल्या असत्या, तर मला सोपे गेले असते. कौशल्याचा हेवा मला परिचयाचा होता. मनाच्या मोठेपणाचाही हेवा वाटतो, हे त्या दिवशी कळले.

पुढच्याच वर्षी त्या पुण्याला नोकरीसाठी गेल्या. त्यांच्या टेबलावर आता प्रिंटर आहे.

परवा एक नवी विद्यार्थिनी टिपणी वाचून म्हणाली, “सर, ही पंधरावी पायरी तुमची वाटत नाही.”

“का?”

“एकाच शब्दाची आहे. ‘थांबा.’”

“ताईंची आहे,” मी म्हणालो. एवढे म्हणायला मला वर्षे लागली.

“कोण ताई?”

मी कपाट उघडले आणि काहीतरी शोधू लागलो.